आत्याच्या चार शपथा

कलबुर्गी,
रविवार, २० जुलै २०२५

तीर्थस्वरूप नागू आत्यास,
तेजश्रीचा नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. प्रयोगशाळेत काम भरपूर आहे. पल्लवी, माझ्याच खोलीत राहते आणि माझ्याच टेबलावर काम करते ती, तुझ्या शेंगाचटणीची आठवण काढते. तूर पेरून झाली हे अप्पांकडून समजलं. शेळ्यांचं कळव.

फोन असताना पत्र कशाला, असं तू सिद्धूला विचारशील. सिद्धू कंडक्टरला काही माहीत नाही. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, एवढंच त्याला सांगितलं आहे. घरात फोन एकच, तोही अप्पांचा, आणि अप्पा स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाहीत. मला जे विचारायचं आहे ते ओसरीवर ऐकू जाण्यासारखं नाही. तू मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलीस आणि मला अक्षरं तूच गिरवायला लावलीस, तेव्हा हे वाचायला तुला दुसऱ्या कोणाची गरज नाही.

अप्पांनी मागच्या सोमवारी फोन केला होता. हसत होते. म्हणाले, "तुझ्या आत्याची शपथ तीन दिसाची. गुरुपौर्णिमेला गाणगापुरात पादुकांपुढं हात जोडून आली, अन् रविवारी शेजारच्या चंद्रभागाबाईच्या उंबऱ्यावर बसून मिश्री लावायली."

मी हसले नाही. ५ जुलैला आळंदच्या शिबिरात डॉक्टरबाईंनी तुझं तोंड तपासलं तेव्हा नोंद मी करत होते. खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, पांढरा चट्टा. चौदा मिलिमीटर लांब, आठ रुंद. त्या कन्नडमध्ये जे बोलल्या ते तुला समजलंच, तरी लिहिते, म्हणजे त्यात कमीजास्त होणार नाही. हा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. मिश्री पूर्ण बंद झाली तर तो कमी होऊ शकतो. चालू राहिली तर तो बदलू शकतो, आणि कधी बदलेल ते कोणी सांगू शकत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं. कमी झाला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

तू पंधराव्या वर्षी, सासरी दाढ दुखायची म्हणून, तंबाखू तव्यावर भाजून दाताला लावायला लागलीस. आता बेचाळीस. सत्तावीस वर्षांची सवय तीन दिवसांत मोडली नाही म्हणून कोणी हसावं असं त्यात काही नाही.

माझं काम एवढंच आहे की बायकांच्या लाळेचे नमुने येतात आणि त्यांत तंबाखूच्या विषाचा अंश किती ते मी मोजते. व्यसन सोडवण्यातली मी जाणकार नाही. पण आमच्या फॉर्ममध्ये एकोणिसावा रकाना असतो, शेवटच्या पाळीच्या तारखेचा. बायका लाजतात, विचारणारीही लाजते, म्हणून तो बहुतेक वेळा रिकामा राहतो. वर्षभर मीही तो रिकामा सोडला. मागच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत विचारलं, हा रकाना आपण गंमत म्हणून छापला आहे का? मग मी त्यावरचे अभ्यास वाचायला घेतले.

म्हणून मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. आजवर किती वेळा शपथ घेतलीस आणि प्रत्येक वेळी कोणत्या दिवशी मोडली. आणि तुझ्या पाळीच्या तारखा, जेवढ्या आठवतील तेवढ्या. पंचमीला येईन तेव्हा दे.

मागच्या वेळी सिद्धूबरोबर पाठवलेली गोळ्यांची पट्टी वेळेवर मिळाली असेल.

कळावे,
तेजश्री


कलबुर्गी,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

पंचमीहून सुखरूप पोचले. कडबू पल्लवीने संपवले. लाह्या अजून आहेत.

तारखा आठवत नसतील असं मला वाटलं होतं. तू मला गोठ्यात नेलंस आणि खांबाला टांगलेलं कॅलेंडर दाखवलंस, तेव्हा सांगायचं राहिलं, आता सांगते: आमच्या प्रयोगशाळेतही इतकी स्वच्छ नोंद नाही. कोळशाची फुली म्हणजे शेळी माजावर आली. कोळशाचा गोल म्हणजे फळली, गाभण राहिली. आणि कोपऱ्यात कुंकवाचा बारीक ठिपका म्हणजे तू. मागच्या वर्षीचंही कॅलेंडर तू त्याखाली ठेवलं होतंस.

मी विचारलं की हे अप्पा पाहत नाहीत का. तू म्हणालीस, "तुझा बाप शेळ्याचंच बघतो. अन् शेळी माजावर आली की चारा खात न्हाई, वरडत फिरती, शिंगं मारती, ते समद्या गावाला कळतं. तिला कोण रागावत न्हाई. बाईचंच कामून कळत न्हाई कुणाला?"

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

आता आकडे. परवा रात्रीचं जेवण उरकून मी तुझ्या चार शपथा एका कागदावर मांडल्या. मागची दत्तजयंती, १४ डिसेंबर: तिसऱ्या दिवशी मोडली. माघी पौर्णिमा, १२ फेब्रुवारी: वीस दिवस टिकली, ४ मार्चला मोडली. वैशाखी पौर्णिमा, १२ मे: दुसऱ्या दिवशी. गुरुपौर्णिमा, १० जुलै: तिसऱ्या दिवशी.

तीन अगदी आखूड आणि एक लांब. लांब टिकली तेव्हा वेगळं काय होतं, हे मी आधी मंदिरात, मग घरात, मग चंद्रभागाबाईच्या येण्याजाण्यात शोधलं. उत्तर कुंकवाच्या ठिपक्यांत होतं. फेब्रुवारीत तुझी पाळी आधीच आली होती आणि पाचव्या दिवशी न्हाऊन तू गाणगापूरला गेलीस. बाकी तीन वेळा पाळी यात्रेच्या दिवसांत येणार होती, आणि देवापुढे अडचण नको म्हणून तू ती लांबवायची गोळी घेतली होतीस.

ही गोळी कसं काम करते ते सोपं करून लिहिते. बाईच्या अंगात महिनाभर दोन रसायनं चढतात-उतरतात. एक इस्ट्रोजेन, दुसरं प्रोजेस्टेरॉन. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत दोन्ही झपाट्याने उतरतात. त्या उताराच्या दिवसांत चिडचिड, झोप नसणं आणि तंबाखूची तलफ वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. गोळी हे दुसऱ्या रसायनासारखंच औषध. ती चालू असेपर्यंत शरीराला वाटतं की अजून उतार लागलेला नाही. बंद केली की उतार लागतो, आणि दोन-तीन दिवसांत पाळी येते.

तू गोळी यात्रेच्या दिवसापर्यंत घेत होतीस. म्हणजे पादुकांपुढे शपथ घ्यायची आणि त्याच दिवशी गोळी थांबवायची. शपथेचा पहिला दिवस आणि उताराचा पहिला दिवस एकच. महिन्यातल्या सगळ्यांत अवघड दिवसांच्या तोंडावर तू तीन वेळा तंबाखू सोडलीस, आणि त्यातल्या दोन वेळा तर दोन दिवस टिकलीस. फेब्रुवारीतली शपथही मोडली ती पुढच्या पाळीच्या तीन दिवस आधी.

हे मी सिद्ध केलेलं नाही. चार तारखा म्हणजे पुरावा नव्हे. कोणत्या दिवसांत सोडलेलं जास्त टिकतं यावर संशोधकांचंही एकमत नाही. काही म्हणतात पाळीनंतर, काही बरोबर उलट सांगतात. पण तुझ्यापुरतं बोलायचं तर दत्ताने तुझी शपथ नाकारली असं मला या कागदात कुठे दिसत नाही. पंचमीला झोपाळ्यापाशी तू म्हणालीस, "माझ्या जिभेलाच पाप हाय, देव घेत न्हाई माझं." ते मला खोडायचं होतं. तेव्हा माझ्याकडे आकडे नव्हते. आता आहेत.

आणि एक. त्या तिन्ही पट्ट्या मी पाठवल्या. तू मागितल्यास, मी औषधाच्या दुकानातून घेतल्या आणि सिद्धूकडे दिल्या. मी याच विषयात शिकले आहे. तरी एकदाही मनात आलं नाही की हिच्या शपथेच्या पायाखालची फळी मीच काढते आहे. ही चूक माझी. ती तुझ्या नावावर आजवर जमा होत राहिली, अप्पा हसत राहिले.

तुझी पुढची पाळी ११ ऑगस्टच्या आसपास येईल. उताराचे दिवस आठ ते अकरा. त्या दिवसांत काहीही सोडू नकोस. पाळी येऊन न्हाणं झालं की पंधरा तारखेला सुरू कर. गावात झेंडावंदन असेल, लक्षात राहायला सोपं. देवाला सांगायचं तर घरातल्या फोटोला सांग. भाजलेले जवस आणि लवंगा पाठवते आहे, तोंडात धरायला. तंबाखू भाजायचा तवा आईकडे दे.

पंचमीच्या दुपारी तू माझ्या बॅगेत लाह्यांची पिशवी ठेवलीस तेव्हा तळाशी जे पाहिलंस, ते पल्लवीचं सामान होतं. निघायच्या गडबडीत तिच्या बॅगेतून माझ्या बॅगेत आलं. तू काही विचारलं नाहीस, मीच सांगून टाकते.

कळावे,
तेजश्री


कलबुर्गी,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझी चिठ्ठी सिद्धूने शुक्रवारी दिली. वहीच्या अर्ध्या पानावर तीन ओळी. "१५ पासून चालू केलं. नऊ दिस झाले न्हाईत अजून, पण मोजायलेय. शेळ्याच्या तारखा लिवल्या, माझ्या लिवल्या, तुझ्या कुठं हायत?"

मी ही चिठ्ठी दोन दिवस टेबलावर उलटी ठेवली होती.

ते पल्लवीचं नव्हतं.

दारूची नव्वद मिलीची दोन कागदी पाकिटं आणि सिगारेटचं एक अर्धं पाकीट, ते माझं होतं. पल्लवी यातलं काहीही करत नाही. तिचं नाव घेतलं हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझं नाव घेतलंस ते घेतलंस, निदान चांगल्या दारूचं तरी घ्यायचं होतंस."

मला हे क्रमाने सांगू दे. क्रमाने सांगितलं की मला जमतं.

सिगारेट दीड वर्षापासून. सुरुवात प्रशिक्षणासाठी बंगळूरला गेले होते तेव्हा झाली. दारू गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून. दुकानात मी स्वतः जाते, स्कूटीवरून, तोंडाला स्कार्फ बांधून. इथल्या बायका उन्हासाठी बांधतातच, त्यामुळे कोणी पाहत नाही. रोज घेत नाही. बाकी दिवस मला त्याची आठवणही होत नाही, आणि म्हणूनच मी स्वतःला सांगत राहिले की हे व्यसन नाही. व्यसन म्हणजे रोज सकाळी दातांवर बोट फिरवणाऱ्या बायका. ज्यांच्या लाळेच्या नळ्या मी मोजते त्या.

तुझी चिठ्ठी सरळ केली आणि माझ्या तारखा काढायला बसले. दारूच्या नोंदी मी ठेवलेल्या नव्हत्या. पण प्रयोगशाळेत हजेरी अंगठ्याने लागते आणि उशीर झाला की यंत्रात लाल खूण येते. मार्च ते जुलै, सात लाल खुणा. पाळीच्या तारखा माझ्या फोनमध्ये आहेत. दोन्ही शेजारी ठेवल्या. सातपैकी पाच खुणा पाळीच्या आधीच्या चार दिवसांतल्या.

दारूबद्दलचे अभ्यास तंबाखूपेक्षाही विस्कळीत आहेत, हे मला सांगितलं पाहिजे. काही बायका पाळीआधी जास्त पितात, विशेषतः ज्यांचं मन त्या दिवसांत खचतं त्या. काही अभ्यासांत फरकच सापडत नाही. बाईच्या अंगात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी, म्हणून तेवढीच दारू तिला जास्त चढते, हे मात्र महिनाभर खरं. त्या चार दिवसांत मला चवीसाठी काही नको असतं. डोक्यातलं बोलणं थांबावं एवढंच हवं असतं. एक पाकीट घेतलं की सिगारेट आपोआप येते, सिगारेट आली की दुसरं पाकीट.

जुलैत, एका लाल खुणेच्या सकाळी, मी दोन बायकांच्या नळ्यांवर एकमेकींची लेबलं लावली. अहवाल जायच्या आधी माझ्याच लक्षात आलं आणि मी दुरुस्त केलं. कोणाचं नुकसान झालं नाही. पण त्या दोघींपैकी एकीचा चट्टा तुझ्यासारखाच होता. तो दिवस मी कोणाला सांगितलेला नाही.

आता तुला एक विचारते. तू पंचमीला ते पाहिलंस. मी दारात उभी होते, तू मला पाहिलं नाहीस. तू पाकिटं उचललीस, वाचलंस, पुन्हा तळाशी ठेवलीस, वर लाह्या ठेवल्यास आणि चेन लावलीस. मग बाहेर येऊन आईला म्हणालीस, "पोरगी वाळलीय, तिला दोन दिस ठेवून घ्या." आईने विचारलं, "कामून, काय झालं तिला?" तू म्हणालीस, "काय न्हाई. शहरातलं पाणी बाधतंय."

तू अप्पांना सांगू शकली असतीस. मी लहान असल्यापासून तू मिश्रीवरून त्यांची बोलणी खाल्लीस. आता त्यांच्या शिकलेल्या लेकीच्या बॅगेत काय आहे ते तुझ्या हातात होतं. एका वाक्यात तुझी इतक्या वर्षांची फिटंफाट झाली असती. तू पाण्यावर ढकललंस.

दीड वर्षात सासरहून परत आलीस तेव्हा घरात तुझ्या बाजूने कोणी एवढंही बोललं नव्हतं, हे मी आईकडून ऐकलं आहे.

माझ्या तारखा मागितल्यास, त्या अशा. शेवटची पाळी २० ऑगस्ट. साधारण अठ्ठावीस दिवसांनी येते. उताराचे दिवस १३ ते १६ सप्टेंबर. मी आज, २४ तारखेपासून, सुरू केलं आहे. खोलीत काही शिल्लक नाही. पल्लवीला सांगितलं आहे.

तुझे उताराचे दिवस ५ ते ८ सप्टेंबर. चंद्रभागाबाई डबी घेऊन येईल. काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेव.

तुझी,
तेजश्री


कलबुर्गी,
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

तू काल दुपारच्या बसने गेलीस आणि आज मी लिहायला बसले आहे. मला समोरासमोर बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

आधी अधिकृत गोष्टी, म्हणजे कागदावर एकदा येतील. ११ तारखेला मोजलेला चट्टा: लांबी नऊ मिलिमीटर, रुंदी पाच. रंग फिका. डॉक्टरबाई म्हणाल्या की तुकडा काढायची आज गरज नाही, जानेवारीत पुन्हा पाहू. पूर्ण गेलेला नाही, हे विसरायचं नाही. तुझी लाळेची नळी मी पल्लवीकडे दिली होती, नात्यातल्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नसतो. तिने मोजली. त्यात धरण्याजोगं काही निघालं नाही. पल्लवीने तो आकडा मला दाखवताना हात पुढे केला, मला वाटलं कागद देते आहे. ती माझा हात धरायला बघत होती.

डॉक्टरबाईंनी तुला विचारलं, "पूर्ण बंद आहे ना?" कोणीही हो म्हणालं असतं. तू पिशवीतून कॅलेंडरची पानं काढलीस, शेळ्यांच्या फुल्यांसकट, आणि कन्नडमध्ये सांगितलंस की ६ आणि ७ सप्टेंबरला दोनदा लावली, बाकी नाही, आणि हे दोन दिवस तुझ्या उताराचे होते. त्यांनी विचारलं की हे लिहून ठेवायला कोणी शिकवलं. तू म्हणालीस, "शेळ्यांचं असंच लिहितो आम्ही. मी त्यांच्यात बसले, एवढंच."

त्या हसल्या. नंतर तू बाहेर गेल्यावर त्यांनी मला विचारलं की आपल्या फॉर्मचा एकोणिसावा रकाना बायकांना कसा विचारायचा हे तुझी आत्या इथल्या मुलींना सांगेल का. मी म्हणाले, विचारून बघते. म्हणून विचारते आहे. नाही म्हणालीस तरी चालेल.

रात्री खोलीत तू चंद्रभागाबाईची गोष्ट सांगितलीस तेव्हा पल्लवी हसून खाटेवरून पडायची राहिली. ती डबी उघडून उभी, "घे गं नागे, देव काय डबीत बघायला येतो व्हय?" तू म्हणालीस, "आज नको, माझे उताराचे दिस हायत." आणि ती, "उतार कसला आलाय, तू काय डोंगरावर बसलीयास?" मग तू तिला सगळं समजावलंस, आणि ती उठून जाताना म्हणाली, "माझं समदं आटून दहा वर्सं झाली. मला कुठला उतार सांगतीस?" पाळी गेलेल्या बायकांचे अभ्यास वेगळे आहेत, वाचून कळवते.

आता खरं ते.

शनिवारी तपासणी झाली. मला वाटलं तू संध्याकाळच्या बसने जाशील. तू म्हणालीस, "राहते एक दिस." रविवारी म्हणालीस, "आलेयच तर बाजार बघून जाते." सोमवारी म्हणालीस, पाय दुखायलेत. मला जरा वैतागही आला, हे कबूल करते. तू रोज संध्याकाळी मी कामावरून यायच्या वेळी फाटकाशी उभी राहायचीस. सोमवारी मी स्कूटीची चावी हातात घेऊन म्हणाले, जरा बाहेर जाऊन येते. तू विचारलंस, "कुठं?" मी म्हणाले, "असंच." तू चप्पल घातलीस आणि मागे बसलीस. मी काही म्हणायच्या आत. आपण रिंग रोडने सरळ गेलो. त्या दुकानावरून गेलो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास. मी थांबले नाही. तू विचारलं नाहीस की कुठे जायचं होतं. परत आल्यावर तू भाकऱ्या थापायला बसलीस आणि मला म्हणालीस, "पीठ मळून दे. डोक्यात काय चाललंय ते पिठाला सांग, ते कुणाला सांगत न्हाई."

मी पीठ मळलं. भाकऱ्या जाड झाल्या.

आज सकाळी माझी पाळी आली. तेव्हा कॅलेंडर पाहिलं, आणि मग कळलं.

११ ते १४ ऑक्टोबर. ऑगस्टच्या पत्रात मी तुला एकच तारीख लिहिली होती, वीस. पुढचे अठ्ठावीस आणि त्याच्या पुढचे अठ्ठावीस तू मोजलेस. ८ तारखेला आळंदला शिबिर होतं. तिथे तुझी तपासणी झालीच असती, घरापासून वीस मिनिटांवर, आणि आमच्याच डॉक्टरबाई होत्या. नावांची यादी मी केली होती, त्यात तुझं नाव होतं. तू आली नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. अप्पांना फोनवर म्हणालेही, तिला तब्येतीची काळजी नाही. तू तुझी तपासणी तीन दिवस पुढे ढकललीस, आणि गर्दीच्या बसमध्ये उभी राहून इथे आलीस, कारण तुझ्या हिशेबाने माझे दिवस अकराला सुरू होत होते.

तुझा स्वतःचा निकाल त्या दिवशी कसा लागेल ते तुला माहीत नव्हतं. तुकडा काढावा लागला असता तरी तू माझ्या खोलीत त्या दुखऱ्या ओठाने भाकऱ्या केल्या असत्यास. मला यात शंका नाही.

मी आयुष्यात फार कमी लोकांची ऋणी आहे असं समजत होते. स्वतःच्या बळावर शिकले, स्वतःच्या बळावर राहते, असं. हा आकडा मी चुकीचा मोजला होता.

सप्टेंबरच्या उतारात मी एक सिगारेट ओढली, १४ तारखेला. तू तुझ्या दोन तारखा डॉक्टरांसमोर मांडल्यास, म्हणून मी माझी एक तुझ्यासमोर मांडते. दारू नाही. या वेळी दोन्ही नाही.

तुझे पुढचे उताराचे दिवस ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. १ तारखेला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आहे, दोनला रविवार. शुक्रवार आणि सोमवारची रजा मी आज सकाळी टाकली. दिवाळीला येतेच आहे, पुन्हा लगेच कशाला, असं आई विचारेल. तिला काय सांगायचं ते तू ठरव, तुला चांगलं जमतं. मी गोठ्यात झोपेन. चंद्रभागाबाईला सांग की नागूची भाची उंबऱ्यावर बसलेली असेल.

दत्तजयंती ४ डिसेंबरला आहे. मी मोजलं, तुझे पाळीचे दिवस तिच्यावरच येतात. तूही मोजलं असशील. चार दिवस इथे होतीस, एकदाही गोळी मागितली नाहीस. मी पाठवणारही नाही. न्हाणं झालं की पुढच्या गुरुवारी आपण दोघी जाऊ. मी शपथ घेणार नाही, मला शपथा जमत नाहीत. तुझ्या शेजारी उभी राहीन.

आत्या, आजवर प्रत्येक पत्राखाली मी रीतीपुरतं लिहिलं. आज जे लिहिते आहे ते मोजून लिहिते आहे.

तुझ्यामुळे बावन्नाव्या दिवशी शुद्धीत असलेली,
तुझी तेजश्री